न पडलेला राजवाडा

दिवाळीला ताई आणि दाजी पुण्याहून आले होते. कोल्हापुरात पाहुणा आला की कार्यक्रम ठरलेला. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, संध्याकाळी रंकाळा, आणि निघायच्या दिवशी तांबडा-पांढरा. या वेळी भाचीने हट्ट धरला म्हणून न्यू पॅलेसला गेलो. मी आजवर दहा-बारा वेळा तरी तिथे गेलो असेन, पण दरवेळी पाहुण्यांबरोबरच. गावातला माणूस एकटा कशाला जाईल?

तर काळ्या दगडाची ती इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, त्यावरचं घड्याळ हे सगळं दाखवता दाखवता मी सवयीने गाईडगिरी सुरू केली. म्हटलं, "हा राजवाडा ज्यांनी आखला, त्या मेजर मँटची गोष्ट माहितीये का? शेवटी शेवटी त्यांच्या मनाने घेतलं, की आपली आकडेमोड चुकलीय आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार. त्याच भीतीत ते गेले, असं सांगतात."

दाजी हसले. "एवढा मोठा इंजिनियर, आणि स्वतःच्या गणितावर विश्वास नाही? कुणाकडून तरी तपासून घ्यायचं की!"

सगळे हसले. मी पण तोंडदेखलं हसलो. पण तो प्रश्न घरी माझ्याबरोबर आला. तपासून घ्यायचं की! हेच वाक्य मी पाच-सहा वर्षांपूर्वी स्वतःला रोज रात्री तीन वाजता ऐकवत होतो. ते पुढे सांगतो. आधी मँटसाहेब.

मेजर चार्ल्स मँट हे इंग्रज लष्करातले इंजिनियर. जन्म १८३९ चा. कोल्हापूरकरांनी त्यांचं नाव ऐकलेलं नसलं तरी त्यांच्या इमारतींसमोरून रोज ये-जा केलेली असते. आपला टाऊन हॉल त्यांचा, १८७२ ते १८७६ मधला. त्याच्या समोरचं सीपीआर, म्हणजे मूळचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तेही त्यांचंच. नवा राजवाडा १८७७ ला सुरू झाला. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा त्यांचा. आणि आपले दुसरे राजाराम महाराज विलायतेहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले, अवघे वीस वर्षांचे. त्यांच्या स्मारकाची तिथल्या नदीकाठची छत्रीसुद्धा मँट यांनीच आखली. म्हणजे आपल्या गावाच्या सुखदुःखात हा माणूस चांगलाच गुंतलेला होता.

१८८१ मध्ये ते गेले. वय बेचाळिशीच्या आसपास. कोल्हापूरचा राजवाडा पुरा व्हायला अजून तीन वर्षं होती. बडोद्याचं काम पुढे रॉबर्ट चिझम यांनी पुरं केलं. आणि ज्या इमारती पडणार म्हणून त्यांची झोप उडाली होती, त्या सगळ्या आज उभ्या आहेत. आपल्या राजवाड्याला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली.

आता गंमत बघा (गंमत म्हणणं बरोबर नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही). ज्यांच्या कारकिर्दीत हा राजवाडा बांधला जात होता, त्यांनाही तो पुरा झालेला पाहायला मिळाला नाही.

फ्लॉरेन्सला राजाराम महाराज गेले तेव्हा गादीला वारस नव्हता. म्हणून १८७१ मध्ये नारायणराव भोसले नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि तो चौथे शिवाजी महाराज झाला. आठ वर्षांचा! आपल्याकडे त्या वयाचं पोर मामाच्या गावाला आठ दिवस ठेवलं तरी रात्री रडतं. याचं तर नाव बदललं, घर बदललं, आई बदलली. वर इंग्रज देखरेख, शिक्षक, दरबार, रीतिरिवाज. राज्य नावाला आपलं, पण कारभार दुसऱ्याच्या हातात. पुढे महाराजांचं मन ठिकाणावर नाही असं सरकारने ठरवलं. कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले. दिवाण होते महादेव वासुदेव बर्वे. आणि महाराजांच्या सेवेला, म्हणजे खरं तर पहाऱ्याला, गोरे शिपाई आले.

पुण्यात तेव्हा 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच, १८८१ मध्ये, सुरू झाले होते. महाराज वेडे नाहीत, त्यांना छळून तसं केलं जातंय, आणि त्यात बर्व्यांचा हात आहे, अशी ओरड या पत्रांनी केली. बर्व्यांची म्हणून जी पत्रं पुराव्यादाखल पुढे आली ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण खटला चाललाच, आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. हेच ते शाळेत शिकलेलं कोल्हापूर प्रकरण. आपण 'डोंगरीचे एकशे एक दिवस' एवढं पाठ करतो आणि पुढच्या धड्याला जातो. ज्याच्यामुळे ते एकशे एक दिवस घडले, त्या पोराचं पुढे काय झालं हे मला कुठल्या मास्तरांनी सांगितल्याचं आठवत नाही.

महाराजांना शेवटी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ ला, नाताळच्या दिवशी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय वर्षं वीस.

महाराजांना नेमकं काय झालं होतं? खरोखर मोठा आजार होता, की कोंडलेल्या जिवाचा संताप होता, की दोन्ही? एवढ्या लांबून निदान करायचा आगाऊपणा मी करणार नाही. मँटसाहेबांचंही नाही. पण एक गोष्ट मला सारखी टोचते. महाराजांभोवती माणसांची काय कमी होती? रीजंट, दिवाण, डॉक्टर, रेसिडेन्सीचे साहेब, पहारेकरी, संपादक, वकील. सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, लिहीत होते, भांडत होते. मी जे काही वाचलं त्यात, समोर बसून "तुम्हाला काय होतंय?" असं विचारणारा आणि उत्तर ऐकायला थांबणारा माणूस मात्र मला सापडला नाही.

आणि बाजूला डोंगरीची कोठडी ठेवून बघा. तिथेही दोन तरुण अडकलेलेच होते, पंचविशी-सव्विशीतले. पण ते दोघं होते! रात्र-रात्र बोलत बसायचे, वाद घालायचे, बाहेर गेल्यावर काय करायचं ते ठरवायचे. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं आहे. २६ ऑक्टोबर १८८२ ला सुटले तेव्हा दोघांचंही मन शाबूत होतं, आणि दोन वर्षांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. राजाला किल्ला होता, यांना कोठडी. पण कोठडीत बोलायला माणूस होता. (आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं 'विकारविलसित' हे मराठी रूपांतर केलं, ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. राजपुत्र खरा वेडा की नाही याची अख्ख्या दरबाराला चिंता लागलेलं नाटक! महाराज गेले त्याच वर्षी.)

आता जरा लांब जायचंय, थेट व्हिएन्नाला. कारण तारखा बघितल्यावर मी खुर्चीतून उठलोच होतो.

इकडे मँट आणि महाराज यांचं हे चाललेलं असताना, डिसेंबर १८८० ते जून १८८२ या काळात, योसेफ ब्रॉयर नावाचे एक डॉक्टर व्हिएन्नात एका एकवीस वर्षांच्या मुलीच्या घरी जात होते. बेर्था पापेनहाइम तिचं नाव. वडिलांच्या आजारपणात सेवा करता करता ती स्वतः आजारी पडली. हात-पाय लुळे पडायचे, नजर बिघडायची, मातृभाषा जर्मन बोलता येईना, इंग्रजीत बोलायची. डॉक्टरांच्या लक्षात आलं, की संध्याकाळी हिला मनातलं सगळं बोलू दिलं की ती शांत होते. मग ते ऐकत बसायला लागले. या प्रकाराला नाव तिनेच दिलं, बोलण्याचा उपचार. थट्टेत ती त्याला धुराडं साफ करणं म्हणायची. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये ही हकिकत नाव बदलून पुस्तकात छापली, आणि आजच्या सगळ्या समुपदेशनाचं मूळ तिथे सांगतात.

ती लगेच खडखडीत बरी झाली असं मात्र नाही. जुलै १८८२ मध्ये, म्हणजे टिळक-आगरकर आत गेले त्याच महिन्यात, तिला स्वित्झर्लंडमधल्या एका आरोग्यधामात ठेवावं लागलं. पुढेही काही वर्षं त्रास झाला. पण पुढे हीच बाई अनाथ मुली आणि फसवलेल्या बायकांसाठी आयुष्यभर काम करत राहिली आणि १९०४ मध्ये तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. एकाच काळातली दोन तरुण माणसं. एकीच्या खाटेशी रोज कुणीतरी ऐकायला बसत होतं, दुसऱ्याच्या दाराशी शिपाई उभा होता. नुसत्या ऐकण्याने महाराज वाचले असते असं मी म्हणत नाही. मनाच्या मोठ्या आजारांवरची औषधंच मुळी १९५० नंतरची. पण ऐकायला काय लागतं? एक खुर्ची जास्तीची.

असो. आता माझं.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. लोकांची रिटर्नं भरायची, पुस्तकं लिहायची. वीस वर्षं हेच केलं. बाबा गेल्यानंतर सहा महिन्यांनी हे सुरू झालं. रात्री तीनला जाग यायची आणि वाटायचं, अमक्याच्या रिटर्नमध्ये आकडा चुकलाय. उठून लॅपटॉप उघडायचा. आकडा बरोबर. झोपायला जायचं. दहा मिनिटांनी दुसरा आकडा. छाती धडधड, हाताला घाम. मग सकाळी मित्राला फोन, "जरा बघतोस का?" तो बघायचा, म्हणायचा बरोबर आहे. तासभर बरं वाटायचं. मग वाटायचं, त्याने नीट बघितलं असेल का?

दाजी, म्हणून सांगतो. मँटसाहेबांनी गणित कुणाकडून तरी नक्की तपासून घेतलं असेल. तपासल्याने भीती जात नाही हो. तेवढ्यापुरती मागे सरकते आणि जास्त भूक घेऊन परत येते.

दुसरीकडे काम पुढे सरकेना. नवीन काम घ्यायची हिंमत नाही, जुनं सोडवत नाही. चिखलात गाडीचं चाक फिरत राहावं तसं. घरच्यांनी आपापल्या परीने सांगितलं. आई म्हणाली जोतिबाला जाऊन ये. गेलो. मित्र म्हणाला कामात मन घाल. कामातच तर घातलं होतं! शेवटी बायकोने एका समुपदेशकांची वेळ घेतली आणि मला नुसतं सांगितलं, गुरुवारी सहाला.

पहिल्या दिवशी स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावली. कोल्हापुरात माणसाआधी त्याची गाडी ओळखतात. कुणी बघितलं तर उद्या तालमीच्या कट्ट्यावर विषय! आता हसू येतं, पण तेव्हा त्या दोन गल्ल्या चालताना पाय जड झाले होते.

आत काय होतं म्हणाल, तर दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा तांब्या, भिंतीवर घड्याळ. पहिले दोन गुरुवार त्या बाई फक्त विचारत होत्या आणि मी बोलत होतो. आकड्यांबद्दल सुरू केलं आणि बाबांच्या शेवटच्या हॉस्पिटलच्या बिलावर येऊन थांबलो. त्या रात्री ते बिल मी तीन वेळा तपासलं होतं, आणि मी बेरीज करत असताना बाबा गेले होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सांगून झाल्यावर त्या बाईंनी "असं वाटून घेऊ नका" म्हटलं नाही. गप्प बसल्या. ते गप्प बसणं मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या वेळेपासून वहीचं काम सुरू झालं. हिशेबनीसाला वही म्हणजे घरचीच. तीन रकाने. काय घडलं, तेव्हा मनाशी काय म्हणालो, आणि मग काय वाटलं. आपण समजतो घटनेमुळे घाबरलो. मधला रकाना भरायला लागलं की कळतं, भीती तिथून येते. माझ्या मधल्या रकान्यात एकच वाक्य पानापानावर होतं. माझ्या हातून चूक होताच कामा नये. बाईंनी विचारलं, "झाली तर?" मी म्हटलं, "सगळं कोसळेल." त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत किती चुका झाल्या?" मोजल्या. सात-आठ निघाल्या. सुधारित रिटर्न भरलं, एक-दोनदा दंड भरला, एका गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. कोसळलं काय? काहीच नाही.

पुढे कळलं, की ही पद्धत अमेरिकेतल्या आल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला मांडली, आणि मराठीत ती डॉ. कि. मो. फडके यांनी पुस्तकांतून घरोघरी पोचवली. विवेकनिष्ठ म्हणतात तिला. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही संस्था काढली, तिनेही मनाच्या आरोग्याची ही भाषा मराठीत रुळवली. म्हणजे व्हिएन्नातून निघालेली गोष्ट मराठीत यायला शंभर वर्षं लागली म्हणायची.

मग वहीवरून प्रत्यक्षात. एकेक रिटर्न एकदाच तपासायचं आणि पाठवून द्यायचं. रात्री जाग आली तर लॅपटॉप उघडायचा नाही, भीती किती आहे याला दहापैकी गुण द्यायचे आणि नुसतं पडून राहायचं. पहिल्या रात्री नऊ गुण होते. पाऊण तासाने सहा. मी काहीही न करता! भीती आपली आपण उतरते, हे मला पन्नाशीकडे झुकल्यावर समजलं. आणि अडकलेल्या कामासाठी, रोज अर्धा तास एकच छोटं काम, मन असो वा नसो. मन तयार होईपर्यंत थांबायचं नाही.

चौदा वेळा गेलो. सरळ रेषेत बरा झालो नाही. मध्ये मार्चअखेरीला परत घसरलो, दोन आठवडे गेलोही नाही. परत गेलो तर बाई रागावल्या नाहीत, वही काढा म्हणाल्या. आजही वर्षातून दोन-चार रात्री तीनला जाग येते. पण आता तिची ओळख आहे. शेवटच्या काही वेळा तर स्कूटर दारातच लावली होती.

हे सगळं एवढं उघडं का लिहितोय? कारण आपल्याकडे मनाचं दुखणं म्हटलं की अजून 'रत्नागिरीला पाठवायला पाहिजे' हाच विनोद चालतो. तिथे मनोरुग्णालय आहे आणि त्याची गरजही आहे. पण माझ्यासारख्याला तिथे जायची वेळ येत नाही, आणि म्हणून तो कुठेच जात नाही. १८५८ चा कायदा होता वेड्यांचा, १९१२ चाही वेड्यांचाच. १९८७ ला शब्द बदलला. २०१७ च्या कायद्याने पहिल्यांदा म्हटलं, की मनावर उपचार मिळणं हा माणसाचा हक्क आहे. महाराजांच्या वेळी प्रश्न होता, याला कुठे ठेवायचं? आज निदान कागदावर तरी प्रश्न बदलला आहे, याला काय हवंय?

ज्याला कुठे जायचं सुचत नाही त्याने सरकारच्या टेली-मानसला, १४४१६ वर, फोन करावा. २०२२ पासून आहे, मराठीत बोलतात. समुपदेशक औषध देत नाहीत, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. कुणाला दोन्ही लागतं, त्यात कमीपणा नाही. आणि एखाद्याशी सूर नाही जुळला तर दुसरीकडे जावं. शिंपीसुद्धा आपण बदलतोच की.

एक सांगायचं राहिलं. चौथे शिवाजी महाराज गेल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या यशवंतराव घाटग्यांना दत्तक घेतलं. नऊ वर्षांचा मुलगा. तीच गादी, तेच इंग्रज, तसंच बदललेलं नाव आणि घर. दोन वर्षांत जन्मदाते वडीलही गेले. पण याला पुढे धारवाडला फ्रेझर नावाचे शिक्षक मिळाले, आणि त्या दोघांचा जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला. या मुलाचं नाव शाहू महाराज. दोन मुलांच्या नशिबात एवढा फरक कशाने पडला, याची कारणं बरीच असतील. पण त्यातलं एक कारण तो माणूस असावा, असं मला वाटतं.

दाजी पुण्याला परत गेले. परवा रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग म्हणाले, "ते तुझ्या त्या इंजिनियरचं... झोप लागत नव्हती म्हणालास ना त्यांना?" मी म्हटलं, "हो." पलीकडे बराच वेळ शांतता. मी काही बोललो नाही. गप्प बसून राहिलो.

मग दाजी बोलायला लागले.